चाचणीच्या आधी एक ओळ मागा : अस्थिशल्यचिकित्सेतील बायोमेकॅनिक्स संशोधनाला मंजुरी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अस्थिशल्यचिकित्सा विभागांतील प्रबंध-मार्गदर्शक, संशोधन समित्यांचे सदस्य, जर्नलांचे संपादक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

हाडं, इम्प्लांट आणि चालणारी माणसं मोजणं हे आमचं काम. आमच्यापैकी काही जण चाचणीयंत्रावर असतात, काही गेट लॅबमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांनी माणसाचं चालणं मोजणाऱ्या प्रयोगशाळेत. तुमच्यापुढे मंजुरीला येणारे प्रस्ताव आधी किंवा नंतर आमच्याकडेही येतात. त्यातल्या बऱ्याच प्रस्तावांचा प्रश्न एकाच साच्यातला असतो : ही प्लेट आणि ती प्लेट, यांत मजबूत कोणती? या प्रश्नाला यंत्र कधीच नाही म्हणत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. कोणत्याही दोन वस्तू यंत्रात घालून तोडा, एक आकडा मोठा येईल, एक लहान. त्या आकड्यांचा रुग्णाशी काही संबंध आहे का, हे यंत्र सांगत नाही. ते आधी ठरवावं लागतं, आणि ठरवून घेण्याचा अधिकार तुमच्या हातात आहे.

म्हणून मागणी एकच. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून मागा : रुग्णाच्या शरीरात ही गोष्ट नेमकी कशी बिघडते, आणि आमची चाचणी तोच बिघाड घडवून आणते का. ही ओळ लिहिता येत नसेल तर काम सुरू होऊ देऊ नका. ही मागणी कडक वाटेल, म्हणून तिची कारणं तपशिलात मांडतो.

मांडीच्या हाडावरची प्लेट घ्या. नेहमीची चाचणी अशी होते : हाडाची दोन्ही टोकं सिमेंटच्या डब्यात बसवतात, मध्ये करवतीने एक सेंटिमीटरची फट पाडतात, प्लेट लावतात आणि यंत्राचा दांडा मिनिटाला पाच-दहा मिलिमीटर वेगाने खाली आणतात. प्लेट वाकते किंवा हाड फुटतं. आलेखावरचं सर्वांत उंच टोक म्हणजे ‘मजबुती’, असं लिहून मोकळं व्हायचं.

आता रुग्णातून काढलेली तुटकी प्लेट हातात घेऊन बघा. ती बहुधा फ्रॅक्चरसमोरच्या स्क्रूच्या भोकातून तुटलेली असते, वाकण्याची खूण फारशी नसते. तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरला तर भोकाच्या कडेपासून सुरू झालेल्या, ओसरत्या पाण्याने वाळूवर ठेवाव्यात तशा समांतर रेषा दिसतात. ही धातूच्या थकव्याची खूण. त्या प्लेटवर तिच्या मजबुतीएवढा भार एकदाही आलेला नसतो. त्याच्या काही हिश्श्याएवढा भार लाखो वेळा आलेला असतो. दिवसाला पाच हजार पावलं चालणाऱ्याच्या एका पायावर अडीच हजार भारचक्रं येतात, म्हणजे पाच महिन्यांत पावणेचार लाखांच्या घरात. हाड जुळलं नाही तर ही सगळी चक्रं प्लेटच झेलते. एकदाच दाबून मोडलेल्या प्लेटचा आकडा या बिघाडाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो आकडा रुग्ण पुन्हा पडला तर काय होईल याचा आहे. तो प्रश्नही खरा आहे, पण मग प्रस्तावात तसं लिहा.

त्यात ‘जास्त ताठ म्हणजे जास्त चांगलं’ हे गृहीतक नकळत शिरतं. हाड जुळण्याला थोडी हालचाल हवी असते, फार नको असते. हाड जुळण्याचे अभ्यासक पेरेन यांनी मांडलेला ताणाचा हिशोब प्रत्येक निवासी डॉक्टर परीक्षेसाठी पाठ करतो आणि चाचणी आखताना विसरतो. फटीतली हालचाल भागिले फटीची रुंदी म्हणजे ताण. सुरुवातीची कोवळी ऊती शंभर टक्क्यांपर्यंत ताण सोसते, कूर्चा सुमारे दहा टक्के, आणि पक्कं हाड जेमतेम दोन टक्के. आता अर्धा मिलिमीटर हालचाल धरा. एक मिलिमीटरच्या फटीत तो ताण पन्नास टक्के होतो, दहा मिलिमीटरच्या फटीत पाच टक्के. प्लेट तीच, स्क्रू तेच, भार तोच; एकीकडे हाड तयार होणं अशक्य, दुसरीकडे कॅलस (जुळणाऱ्या हाडाभोवती धरणारी नवी ऊती) उभा राहायला जागा. म्हणून चाचणीत फटीची रुंदी किती ठेवली आणि फटीत प्रत्यक्ष किती हालचाल झाली, हे दोन आकडे नसतील तर नुसत्या ताठरपणाचा आकडा कुणाच्याही उपयोगाचा नाही.

ही हालचाल मोजण्याची जागाही महत्त्वाची. लॉकिंग प्लेटमध्ये (जिच्यात स्क्रूची डोकी प्लेटमध्येच घट्ट बसतात) प्लेटखालचा काठ जवळजवळ हलतच नाही आणि समोरचा काठ उघडझाप करतो. एकाच बाजूला मोजलं तर अर्धंच कळतं. दोन्ही काठांवर मोजायला सांगा. आणि मोजमाप यंत्राच्या दांड्याच्या सरकण्यावरून घेऊ देऊ नका. दांडा दोन मिलिमीटर खाली आला, तर त्यात सिमेंटचं दबणं, जिगचं (नमुना धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचं) वाकणं, बॉल-जॉइंटमधली ढिलाई, लोड सेलची (भार मोजणाऱ्या भागाची) लवचीकता, सगळं मिसळलेलं असतं. फट कदाचित ०.४ मिलिमीटरच मिटलेली असते. फटीच्या दोन्ही बाजूंना हाडावर बसवलेले ऑप्टिकल मार्कर (कॅमेऱ्याने टिपायच्या खुणा) किंवा सरकमापक, एवढं तरी हवंच. ते जमत नसेल, तर हाडाऐवजी पोलादाचा जाड दांडा लावून यंत्र आणि जिग यांचं स्वतःचं वाकणं आधी मोजून घ्यावं आणि वजा करावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि बहुतेक प्रबंधांत ते झालेलं नसतं.

तुलना करताना भूमिती समान आहे का, हे बघायची सवयही समित्यांनी लावून घ्यायला हवी. भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. नऊ मिलिमीटरच्या जागी अकरा मिलिमीटर व्यास घेतला की तो २.२ पटीच्या वर जातो. पोकळ नेलमध्ये (हाडाच्या पोकळीत घालायच्या दांड्यामध्ये) आकडा थोडा बदलेल, दिशा तीच. प्लेटच्या बाबतीत जाडीचा तिसरा घात : चार मिलिमीटरवरून पाच मिलिमीटर केली की जवळपास दुप्पट. शिवाय स्टेनलेस स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक दोनशे गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा एकशे दहाच्या. म्हणजे जाडी, व्यास आणि धातू वेगवेगळे असलेल्या दोन इम्प्लांटची तुलना करून ‘नव्या रचनेमुळे ताठरपणा वाढला’ असा निष्कर्ष काढला असेल, तर कागद-पेन्सिलीवर दोन मिनिटांत तपासता येतं की त्यात रचनेचा वाटा किती आणि गणिताचा किती. बऱ्याचदा यंत्र लावायची गरजच नव्हती असं निघतं. फ्रॅक्चरजवळचा एकेक स्क्रू दोन्ही बाजूंनी रिकामा सोडला तर लॉकिंग प्लेटची बांधणी दाबाखाली आणि पिळाखाली जवळपास दुप्पट लवचिक होते. दोन गटांतल्या स्क्रूंच्या जागा वेगळ्या असतील, तर तुम्ही प्लेटची नव्हे, स्क्रूच्या जागांची तुलना करत आहात.

आता चक्रीय चाचणीबद्दल, कारण ‘थकव्याची चाचणी करा’ म्हणणं सोपं आणि ती नीट आखणं अवघड आहे. मृतदेहातल्या हाडावर दहा लाख चक्रं देता येत नाहीत. सेकंदाला दोन चक्रं या वेगाने त्याला पावणेसहा दिवस लागतात. तोवर ऊती कुजते, हाड वाळतं. एक लाख चक्रं त्याच वेगाने चौदा तासांत होतात, ते शक्य आहे. आणि एक लाख चक्रं म्हणजे दिवसाला अडीच हजारांच्या हिशोबाने चाळीस दिवस, साधारण सहा आठवडे. मृत हाड जुळत नाही, त्यामुळे कॅलस धरण्याआधीचा हाच काळ त्याच्यावर तपासणं योग्य ठरतं : स्क्रू ढिले होणं, हाडाचं टोक खचणं, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यातून स्क्रू बाहेर येणं. धातू थकून तुटण्याचा प्रश्न असेल, तर हाडाऐवजी प्रमाणित कृत्रिम ठोकळे घ्या आणि चक्रं लाखांत नव्हे, दशलक्षांत द्या. मणक्याच्या रॉड-स्क्रूंसाठीच्या एएसटीएम एफ १७१७ या चाचणी-मानकामध्ये म्हणूनच पॉलिएथिलीनचे ठोकळे आणि पन्नास लाख चक्रं आहेत. एका चाचणीत दोन्ही प्रश्न कोंबले की कोणताच सुटत नाही.

भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत या कामाला चांगली : उदाहरणार्थ पाचशे न्यूटनपासून सुरुवात, दर दहा हजार चक्रांनी शंभर न्यूटन वाढ, बिघाड होईपर्यंत. पण ‘बिघाड’ म्हणजे काय हे पहिला नमुना यंत्रावर चढण्याआधी लिहून ठेवलेलं असावं. दोन मिलिमीटर खचणं? पाच अंश वाकणं? आवाज येऊन भार अचानक घसरणं? हे नंतर ठरवलं की प्रत्येक नमुन्याची व्याख्या वेगळी होते, आणि बिनचूक वाटणारा निकाल संशोधकाच्या मनाप्रमाणे वळतो. यात लबाडी असतेच असं नाही. आलेख बघत बघत रेषा ओढली की हात आपोआप सोयीच्या ठिकाणी जातो. पहिली दहा-वीस चक्रंही मोजणीत धरू नयेत. नमुना जिगमध्ये बसायला, ऊती स्थिरावायला तेवढी लागतात. लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे बंध) आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे बंध) यांच्या बाबतीत तर पहिल्या आणि विसाव्या चक्राचा आलेख ओळखू न येण्याइतका वेगळा दिसतो. कंडराच्या चाचणीत एक जागा नेहमी फसवते : पकड. कंडरा पकडीतून सरकत असेल तर आलेखावर करवतीच्या दातांसारखी लहान लहान घसरण दिसते, आणि ते सरकणं ‘टाके सैल झाले’ म्हणून नोंदवलं जातं. म्हणून टाक्यांमधलं अंतर कंडरावरच मोजावं. पकडीतला भाग गोठवून धरणाऱ्या पकडी त्यासाठीच आहेत.

नमुन्यांचं वय आणि घनता हा विषय आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. वू आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मानवी एसीएलची (गुडघ्यातल्या पुढच्या क्रूसिएट लिगामेंटची) मजबुती मोजली. २२ ते ३५ वयाच्या गुडघ्यांत सरासरी २१६० न्यूटन, ६० ते ९७ वयाच्या गुडघ्यांत ६५८. लिगामेंट एकच, यंत्र एकच, पद्धत एकच. फक्त वयाने तिपटीहून जास्त फरक. म्हाताऱ्या गुडघ्यांवर तपासलेला ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवलेली ऊती) ‘मूळ लिगामेंटइतका मजबूत’ ठरला, तर कोणत्या मूळ लिगामेंटइतका, हा प्रश्न परीक्षकाने विचारलाच पाहिजे. हाडाचंही तसंच. कार्टर आणि हेज यांनी १९७७ मध्ये दाखवलं की दाबाखालची मजबुती घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता निम्मी, तर मजबुती पाव. सहा विरुद्ध सहा नमुन्यांच्या चाचणीत एका गटात दोन ठिसूळ हाडं जास्त पडली की निकाल फिरला. यावर जुना आणि साधा उपाय आहे : एकाच देहाचे दोन्ही पाय घ्या, कोणत्या बाजूला कोणतं इम्प्लांट जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवा, चाचणीआधी घनता मोजा आणि ती कोष्टकात प्रत्येक नमुन्यापुढे छापा. सरासरी नको, प्रत्येकाची. देह फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला होता की उणे वीस अंशांवर गोठवलेला, किती वेळा वितळवला, चाचणी चालू असताना सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ गुंडाळलेलं होतं का, हेही हवं. वाळलेलं हाड ताठ होतं आणि ठिसूळही. चार तास चाललेल्या चाचणीत शेवटचा नमुना पहिल्यापेक्षा ताठ निघाला, तर तो वाळला होता का, ही पहिली शंका घ्यायला हवी.

कृत्रिम फोमबद्दल थोडक्यात : स्क्रू उपटण्याच्या तुलनेसाठी तो उत्तम, कारण प्रत्येक ठोकळा सारखा असतो. पण त्याची प्रत लिहिलीच पाहिजे. घनमीटरला १६० किलोचा फोम आणि ३२० किलोचा फोम यांत स्क्रूचं वागणं पार बदलतं. आणि स्क्रू सरळ उपटणं हा बिघाड रुग्णात विरळा. बहुतेक स्क्रू वरखाली डुलत डुलत भोक मोठं करतात आणि मग सुटतात.

टोकं कशी धरली, हे सगळ्यांत कमी लिहिलं जातं आणि निकाल सगळ्यांत जास्त बदलतं. दोन्ही टोकं घट्ट जखडलेली असतील तर बांधणी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी ताठ दिसते. खुब्याच्या बाबतीत तर स्नायूंशिवाय भार म्हणजे वेगळाच सांधा. खुब्यावरच्या भाराचा पाउवेल्स यांनी मांडलेला हिशोब पुन्हा आठवा. एका पायावर उभं राहिल्यावर सत्तर किलोच्या माणसाचं, उभा पाय वगळून, सुमारे ५८० न्यूटन वजन खुब्याच्या आतल्या बाजूला लोंबकळतं. त्याची तरफेची भुजा अपहारक (पाय बाहेर नेणाऱ्या) स्नायूंच्या भुजेच्या अडीच पट धरली, तर स्नायूंना १४५० न्यूटन ओढावं लागतं आणि सांध्यावर दोन हजारांवर भार येतो, वजनाच्या जवळपास तिप्पट. हे कागदावरचं गणित खरं ठरलं आहे. बर्गमन आणि सहकाऱ्यांनी मोजणी-यंत्रणा बसवलेल्या खुब्यांतून २००१ मध्ये दिलेले आकडे साध्या चालण्याला वजनाच्या सुमारे २.४ पट आहेत. तशाच यंत्रणेच्या गुडघ्यांत जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार मोजला गेला आहे. या मोजमापांचा ऑर्थोलोड हा संग्रह सर्वांना खुला आहे. मग प्रस्तावात ‘शरीराच्या वजनाइतका भार’ का येतो? भार कुठून घेतला, कोणत्या दिशेने दिला आणि ट्रोकँटरला (मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्याला) स्नायूंसारखा ओढणारा पट्टा होता की नाही, हे विचारा.

चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर किती महाग पडतं, याचे दाखले याच शास्त्रात आहेत. ब्रिटिश शल्यविशारद चार्नली यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी आधी टेफ्लॉन निवडलं, कारण त्याचं घर्षण अतिशय कमी. घर्षण खरंच कमी होतं. पण शरीरात ते इतक्या वेगाने झिजलं की सुमारे तीनशे रुग्णांनंतर त्यांनी तो मार्ग सोडला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनकडे वळले. त्यांनी ते उघडपणे लिहिलं, नंतर झीज मोजण्याची यंत्रं उभी केली, म्हणून आज सांधेरोपण उभं आहे. दुसरा दाखला अलीकडचा. मोठ्या डोक्याचे, धातूवर धातू घासणारे खुबे सिम्युलेटरवर, म्हणजे चालण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, छान चालले, कारण सिम्युलेटरमध्ये वाटी योग्य कोनात बसवलेली असते. माणसांत ती कधी जास्त उभी बसते, भार वाटीच्या काठावर येतो, वंगणाचा थर टिकत नाही आणि धातूचे कण ऊतीत जातात. अशी एक रचना २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावी लागली. काठावर भार येईल अशी वाटी बसवून झीज मोजण्याचं मानक, आयएसओ १४२४२ चा चौथा भाग, २०१८ मध्ये आलं. सिम्युलेटरचं चक्र सेकंदाला एक, एकूण पन्नास लाख, म्हणजे अठ्ठावन्न दिवस अखंड. एवढी मेहनत वाटी सरळ बसवून घेतली, तर ती सरळ बसलेल्या वाटीबद्दलच सांगते.

आता गेट लॅबकडे. तिथे काही तुटत नाही, म्हणून चूक दिसतही नाही. आलेख नेहमी गुळगुळीत आणि रंगीत येतात.

पहिली चूक गुडघ्याच्या अक्षाची. मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर मार्कर लावून गुडघ्याचा वाकण्याचा अक्ष ठरवतात. तो अक्ष दहा अंश फिरला तर काय होतं ते हिशोबाने बघा. पाय हवेत असताना गुडघा साधारण साठ अंश वाकतो. या वाकण्यातला काही भाग आता ‘आत-बाहेर झुकणं’ म्हणून मोजला जातो : दहा अंशांचा साइन गुणिले साठ अंशांचा साइन, म्हणजे ०.१५, म्हणजे साडेआठ अंशांचा खोटा व्हॅरस किंवा व्हॅल्गस. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन अंशांचा फरक पडला असं सांगणारा प्रबंध या चुकीच्या पोटात सहज मावतो. ओळखायची खूणही सोपी आहे : झुकण्याचा आलेख वाकण्याच्या आलेखासारखाच उंचसखल दिसत असेल, तर तो झुकण्याचा नाही, वाकण्याची गळती आहे. परीक्षकांनी दोन्ही आलेख एकाखाली एक मागावेत. ग्रूड आणि सनटे यांनी १९८३ मध्ये गुडघ्याच्या तीन फिरण्यांचा क्रम ठरवून दिला, आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स संघटनेने २००२ आणि २००५ मध्ये सांध्यांच्या अक्षांच्या शिफारशी दिल्या. कोणती वापरली हे लिहायला एक वाक्य लागतं.

दुसरी चूक कातडीची. मांडीवरचे मार्कर हाडावर नसतात. कातडी, चरबी आणि स्नायू यांच्यावर असतात आणि हाडाच्या तुलनेत एक-दोन सेंटिमीटर सहज सरकतात. हाडात पिना बसवून केलेल्या अभ्यासांनी दाखवलं आहे की गुडघ्याचं वाकणं बरं मोजलं जातं, पण आत-बाहेर झुकणं आणि स्वतःभोवती फिरणं यांतली चूक मूळ हालचालीएवढी असू शकते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतरचं फिरणं कातडीवरच्या मार्करांनी दोन अंशांपर्यंत सांगणाऱ्या प्रस्तावाला म्हणून थेट विचारा, की हे दोन अंश तुमच्या यंत्रणेला दिसतात का? एकाच माणसाला दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या व्यक्तींनी मार्कर लावून मोजा. जो फरक येईल, त्याहून लहान निष्कर्ष काढायचा नाही.

तिसरी चूक गाळणीची, म्हणजे फिल्टरची. मार्करच्या जागेवरून त्वरण काढताना दोनदा अवकलन करावं लागतं, आणि त्यात किंचित थरथरही राक्षसी होते. मार्कर सेकंदाला वीस वेळा एक मिलिमीटर थरथरला, तर त्यातून निघणारं त्वरण सेकंदवर्गाला सोळा मीटरच्या आसपास येतं, गुरुत्वापेक्षा जास्त. म्हणून मार्करचा डेटा चालण्यासाठी सहसा सहा हर्ट्झला गाळतात. फोर्स प्लेटचा (जमिनीत बसवलेल्या बल मोजणाऱ्या पाटीचा) डेटा मात्र बरेच जण पन्नास-शंभर हर्ट्झला गाळतात किंवा गाळतच नाहीत. चालण्यात हे खपून जातं. उडी मारून उतरणं, झपकन वळणं यांत पाय आपटण्याच्या क्षणी बलाचं टोक शिल्लक राहतं, त्याला तोलणारं त्वरण गाळून गेलेलं असतं, आणि गुडघ्यावर प्रत्यक्षात नसलेला आघूर्ण (बलाचा सांध्याला फिरवणारा परिणाम) आलेखावर उभा राहतो. एसीएल फाटण्याचा धोका यावरून सांगणाऱ्या अभ्यासात दोन्ही गाळण्या एकसारख्या होत्या का, हा पहिला प्रश्न असावा.

फोर्स प्लेट आणि कॅमेऱ्यांचा मेळ नीट बसलेला नसेल तर दाबाचा मध्य सरकलेला दिसतो. एक सेंटिमीटरची चूक गुणिले ७५० न्यूटन, म्हणजे साडेसात न्यूटन-मीटर. सत्तर किलोच्या माणसात गुडघ्याचा अभिवर्तन (गुडघ्याला आतल्या कप्प्याकडे झुकवणारा) आघूर्ण चालताना तीस-चाळीस न्यूटन-मीटरच्या घरात असतो. चूक त्याच्या पाचव्या हिश्श्याची झाली. दर सकाळी ठरावीक काठीने प्लेटवर टोचून मध्य जुळतो का ते बघणं, याला पाच मिनिटं लागतात. त्याची नोंदवही मागा. शिवाय हा आघूर्ण म्हणजे गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावरचा भार नव्हे. वेदनेमुळे माणूस पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळतो, सांध्यावरचा भार वाढतो, आघूर्णात मात्र ते दिसत नाही. ‘भार कमी झाला’ असं लिहायचं असेल तर स्नायूंचा हिशोब दाखवावा, नाहीतर ‘आघूर्ण कमी झाला’ एवढंच लिहावं.

आणि चालण्याचा वेग. शस्त्रक्रियेनंतर दुखणं कमी होतं, रुग्ण भरभर चालतो, आणि वेग वाढला की सांध्यांचे कोन, बलं, आघूर्ण सगळंच बदलतं. आधी आणि नंतर अशी तुलना वेग न जुळवता केली, तर मोजलेला फरक वेगाचाही असू शकतो. वेग प्रत्येक गटाचा छापा, आणि जुळवता येत नसेल तर विश्लेषणात घ्या. त्याच हिशोबात माणसं मोजा, पावलं नाही. दहा रुग्णांची प्रत्येकी दहा पावलं म्हणजे शंभर नमुने नव्हेत, आणि दहा रुग्णांचे वीस पाय म्हणजे वीस रुग्णही नव्हेत. या एका चुकीने किती ‘लक्षणीय’ निष्कर्ष उभे राहतात ते मोजायला वेगळा अभ्यास लागेल.

हाड आणि इम्प्लांट बारीक जाळीत विभागून ताण काढणाऱ्या, संगणकावरच्या फायनाइट एलिमेंट चित्रांबद्दल फार लिहीत नाही. तीन गोष्टी बघा : जाळी आणखी बारीक केल्यावर उत्तर बदलत नाही हे दाखवलं आहे का, स्क्रू आणि हाड एकमेकांना चिकटवलेले आहेत की घर्षणाने टेकलेले, आणि एखाद्या तरी खऱ्या मोजमापाशी ते ताडून बघितलं आहे का. तिन्हींना उत्तर नसेल तर ते चित्र आहे, पुरावा नाही.

या मागणीवर एक आक्षेप येईल, तो आम्हाला मान्य आहे. प्रबंधाला मुदत असते, यंत्राचा वेळ मिळत नाही, नमुने सहाच असतात. नमुने सहा असणं हा दोष नाही. सहा जोड्या नीट घेतल्या, घनता मोजली, बिघाड आधी ठरवला आणि प्रत्येक नमुन्याचा भार-सरकण आलेख जोडला, तर पुढचा माणूस त्यावर उभा राहू शकतो. साठ नमुने भलत्या प्रश्नासाठी मोडले तर कुणालाच उभं राहता येत नाही. आणि ते नमुने म्हणजे कुणीतरी मृत्यूनंतर दिलेलं शरीर आहे. फोमचा ठोकळा पुन्हा मागवता येतो. तो गुडघा एकदाच मोडता येतो, आणि ज्याने दिला त्याच्या घरच्यांना वाटतं की त्यातून कुणाचा तरी गुडघा वाचेल. आमच्या टेबलावर तो आला की आधी फोमवर संपूर्ण चाचणी एकदा पार पाडून, जिगचा प्रत्येक बोल्ट तपासून, मगच त्याला हात लावावा, असं आम्हाला वाटतं. अशी रंगीत तालीम झाल्याचा आलेख प्रस्तावासोबत मागा.

संपादकांकडे आणखी एक विनंती. दोन इम्प्लांटमध्ये फरक आढळला नाही, असं नीट आखलेलं काम परत पाठवू नका. फरक न सापडणं हीसुद्धा शल्यविशारदाला हवी असलेली माहिती आहे. स्वस्त आणि महाग इम्प्लांट सारखंच वागतं, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि आलेखांच्या मूळ फायली लेखासोबत ठेवण्याची अट घाला. सरासरी आणि प्रमाण विचलन यांत ढिला जिग लपतो, मूळ आलेखात लपत नाही.

पुढच्या बैठकीत येणाऱ्या पहिल्या प्रस्तावापासून ती एक ओळ मागायला सुरुवात करावी. ओळ लिहिताना कुणी अडलं, तर तो प्रस्ताव यंत्र लागण्याआधी आमच्याकडे पाठवा. जिगचं रेखाचित्र, भाराचा स्रोत, फटीची रुंदी आणि बिघाडाची व्याख्या एवढं कागदावर असलं की काय बदलावं ते बहुतेक वेळा एका दुपारी सांगता येतं.

आपले,
चाचणीयंत्रावर आणि गेट लॅबमध्ये काम करणारे काही अभियंते व शल्यविशारद